लिश्टनस्टाइनला निघालेले जपानी प्रवासी आणि युरोपचे ‘एटियास’ संकेतस्थळ : एक परीक्षण

पुण्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या जपानी कुटुंबांना युरोपच्या प्रवासाआधी एक प्रश्न हमखास पडतो : आपल्याला आता व्हिसासारखे काही काढावे लागते का, आणि लागत असेल तर कुठे, कधी आणि किती पैशांत? या प्रश्नाचे अधिकृत उत्तर युरोपीय संघाच्या ‘एटियास’ संकेतस्थळावर मिळते आणि हे परीक्षण त्याच संकेतस्थळाचे आहे. चाकण, तळेगाव आणि रांजणगावच्या कारखान्यांत येणाऱ्या जपानी अभियंत्यांसाठी मी दुभाषी म्हणून काम करते. यंत्रांच्या कागदपत्रांबरोबर बँक, शाळा, दवाखाना आणि प्रवास यांचे कागदही ओघाने माझ्याकडे येतात, त्यामुळे या संकेतस्थळाशी माझा नित्याचा संबंध आहे.

आधी निष्कर्ष सांगते. माहितीच्या बाबतीत हे संकेतस्थळ पूर्ण भरवशाचे आहे आणि कोणालाही पैसे देण्याआधी प्रत्येक जपानी प्रवाशाने ते वाचलेच पाहिजे. मात्र लिश्टनस्टाइनसारख्या चिमुकल्या देशात जाणाऱ्याला, त्यातही भारतात राहून तिथे जाणाऱ्याला, लागणारी बरीच माहिती तिथे नाही. ती इतरत्र शोधून जोडावी लागते. ज्या कुटुंबासाठी मी अलीकडे ही जोडाजोड केली, त्यात जपानी नवरा, पुण्याची मराठी बायको, जपानी पासपोर्ट असलेली शाळकरी मुलगी आणि ओकायामाहून येणारी सत्तरी ओलांडलेली आजी असे चौघे होते. एकाच घरातल्या या चार माणसांना लागू होणारे नियम इतके निरनिराळे आहेत, की उदाहरण म्हणून हे कुटुंब पुढेही अधूनमधून येईल.

एटियास म्हणजे ‘युरोपियन ट्रॅव्हल इन्फर्मेशन अँड ऑथोरायझेशन सिस्टिम’. ज्या देशांच्या नागरिकांना अल्पकाळाच्या भेटीसाठी शेंगेन व्हिसा (म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या ‘शेंगेन’ क्षेत्राचा सामाईक व्हिसा) लागत नाही, त्यांनी निघण्यापूर्वी ऑनलाइन पूर्वपरवानगी घ्यावी, अशी ही व्यवस्था आहे. तिचा कायदा २०१८ साली झाला. प्रत्यक्ष सुरुवात मात्र अनेकदा पुढे ढकलली गेली आणि आता २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत ती सुरू होईल, असे युरोपीय संघाने जाहीर केले आहे. जपानी नागरिकांना कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत व्हिसाविना राहता येते, म्हणून ते एटियासच्या कक्षेत येतात. भारतीय नागरिकांना व्हिसाच लागतो, त्यामुळे त्यांचा एटियासशी संबंध येत नाही. हे लिहीत असताना अर्ज स्वीकारणे सुरू झालेले नाही, आणि प्रवाशांनी सध्या काहीही करण्याची गरज नाही, असे संकेतस्थळ ठळकपणे सांगते. माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. जिथे आज काही भरायचे नाही, तिथे ‘काही भरू नका’ असे पहिल्याच पानावर सांगितले जाते.

या एका वाक्याची किंमत किती आहे, हे बाजारात फिरल्यावर कळते. शोधयंत्रात एटियास हा शब्द टाकला, की अधिकृत पानाच्या आजूबाजूला खासगी संकेतस्थळांची गर्दी दिसते. त्यांतले एक मी या कुटुंबाबरोबर बसून शेवटपर्यंत पाहिले. वर गडद निळी पट्टी, तिच्यावर सोनेरी ताऱ्यांचे वर्तुळ, खाली देशांचे झेंडे आणि मध्यभागी ‘अर्ज सुरू करा’ असे मोठे बटण. पहिल्याच चौकटीत पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख विचारली होती. आपण सरकारी यंत्रणा नाही, ही कबुली पानाच्या अगदी तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत होती. फोनच्या पडद्यावर ती बोटाने मोठी केल्याशिवाय वाचता येत नव्हती. अर्जच सुरू झालेले नसताना लोकांची माहिती आणि पैसे घेणाऱ्या अशा संकेतस्थळांपासून सावध राहण्याचा इशारा युरोपची सीमा-यंत्रणा फ्रोंटेक्सने जाहीरपणे दिलेला आहे. खासगी मध्यस्थ असणे हा काही गुन्हा नाही. नियमांनुसार प्रवाशाने लेखी अधिकार दिल्यास त्याच्या वतीने दुसऱ्याला अर्ज करता येतो. पण सुरू न झालेल्या सेवेसाठी आज पासपोर्टचा तपशील मागणे ही सेवा नव्हे, ही फसवणुकीची वाट आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. पत्त्यातली पहिली तिरकी रेघ येण्याआधीचा भाग ‘युरोपा डॉट ईयू’ या अक्षरांवरच संपला पाहिजे. ‘युरोपा’ किंवा ‘एटियास’ हे शब्द पत्त्यात आधी कुठेतरी असून उपयोग नाही, कारण ते कोणीही घालू शकतो.

पुण्यातही वेगळे चित्र नव्हते. शहराच्या पश्चिम भागातल्या एका प्रवास कार्यालयाने, ज्याचे नाव मी देणार नाही, या कुटुंबाला छापील लेटरहेडवर कोटेशन दिले होते. त्यात विमान, हॉटेल आणि विमा यांच्याखाली ‘एटियास प्रोसेसिंग’ अशी ओळ होती आणि तिच्यापुढे चौघांची रक्कम मांडली होती. म्हणजे जिला व्हिसा लागतो त्या मराठी सुनेच्या नावावर एटियास धरले होते, आणि पुढे ही व्यवस्था सुरू झाली तरी जिला शुल्क लागणार नाही त्या आजीच्या नावावरही पैसे लावले होते. अधिकृत पान समोर उघडून दाखवल्यावर कार्यालयाने ती ओळ काढली, हेही सांगितले पाहिजे. तिथल्या कर्मचाऱ्याच्या मनात खोट होती असे मला वाटले नाही. त्याला कुठून तरी आलेली माहिती त्याने पुढे ढकलली होती. पण पैसे देणाऱ्याने विचारले नसते, तर ती ओळ बिलात तशीच राहिली असती.

आता संकेतस्थळावरच्या माहितीकडे वळते. शुल्क २० युरो आहे; कायदा झाला तेव्हा ते ७ युरो ठरले होते आणि २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ते वाढवले. १८ वर्षांखालील आणि ७० वर्षांवरील प्रवाशांना शुल्क माफ आहे, मात्र अर्ज त्यांनाही करावा लागेल. शुल्कमाफी म्हणजे अर्जमाफी नव्हे, हा भेद अनेकांच्या लक्षात येत नाही. आजी आणि नात दोघींना पैसे लागणार नाहीत, पण परवानगी दोघींची वेगवेगळी घ्यावी लागेल. मंजूर परवानगी तीन वर्षे किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवर चालेल. ती पासपोर्टला जोडलेली असल्यामुळे पासपोर्ट बदलला की नवी घ्यावी लागेल. पुण्यात चार-पाच वर्षांच्या नेमणुकीवर आलेले आणि इथे असतानाच मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासातून पासपोर्टचे नूतनीकरण करणारे पुष्कळ लोक मी पाहते. त्यांनी हा मुद्दा विसरू नये. मुलांचा जपानी पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे अधिक लवकर घडते.

अर्जात काय विचारले जाईल, याची यादीही संकेतस्थळ आधीच देते : नाव, जन्मस्थळ, घरचा पत्ता, आईवडिलांची पहिली नावे, पासपोर्टचा तपशील, शिक्षण, सध्याचा व्यवसाय, पहिल्या मुक्कामाचा देश, आणि त्याबरोबर पूर्वीच्या शिक्षा, युद्धग्रस्त भागांतील प्रवास, देश सोडून जाण्याचा आदेश मिळाला होता का, असे प्रश्न. बहुतेक अर्ज काही मिनिटांत निकाली निघतील, असे सांगतानाच त्याला चार दिवस लागू शकतात, जादा कागद मागितल्यास आणखी चौदा आणि मुलाखतीला बोलावल्यास तीस दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते, हेही तिथे लपवलेले नाही. म्हणूनच तिकीट आणि हॉटेल पक्के करण्याआधी परवानगी घ्यावी, असा सल्ला ते देते. तो सल्ला मला योग्य वाटतो आणि मीही तोच देते. परवानगी असली तरी प्रवेशाची हमी नसते, अंतिम निर्णय सीमेवरचा अधिकारी घेतो, हे वाक्यही तिथे स्पष्ट आहे. व्यवस्था सुरू झाल्यानंतर किमान सहा महिन्यांचा संक्रमणकाळ राहील आणि त्या काळात परवानगी नसली तरी प्रवेशाच्या बाकी अटी पूर्ण करणाऱ्याला अडवले जाणार नाही, हीही दिलासा देणारी माहिती तिथे मिळते.

एक गोष्ट मात्र आधीच लागू झालेली आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते, ती म्हणजे प्रवेश-निर्गमन नोंदणीची ‘ईईएस’ ही यंत्रणा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ती टप्प्याटप्प्याने आणली गेली आणि १० एप्रिल २०२६ पर्यंत तिने पासपोर्टवरच्या शिक्क्याची जागा घ्यावी, असे वेळापत्रक होते. जपानी प्रवाशाचा चेहरा आणि बोटांचे ठसे सीमेवर घेतले जातात. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. तिच्यासाठी आधी कोणताही अर्ज नाही आणि शुल्कही नाही. एटियास आणि ईईएस यांची सरमिसळ करून ‘युरोपची नवी नोंदणी’ म्हणून पैसे मागणारे भेटतात, त्यांना नकार द्यावा. ईईएसमुळे ९० दिवसांची मोजणी आता यंत्राकडे आहे, तेव्हा कामासाठी जर्मनीला वारंवार जाणाऱ्या अभियंत्यांनी सुट्टीचे दिवसही त्याच हिशेबात धरावेत. लिश्टनस्टाइनमधले दिवस, स्वित्झर्लंडमधले दिवस आणि जर्मनीतले दिवस यांची बेरीज एकच होते.

खुद्द लिश्टनस्टाइनच्या बाबतीत संकेतस्थळ मला अपुरे वाटले. एटियास लागू होणाऱ्या तीस देशांच्या यादीत त्याचे नाव आहे, पण तिथे पोहोचण्याची रीत वेगळी आहे आणि ती समजल्याशिवाय अर्जातल्या प्रश्नाचे उत्तर नीट देता येत नाही. हा देश अवघा १६० चौरस किलोमीटरचा, म्हणजे पुणे महापालिकेच्या हद्दीच्या निम्म्याहूनही लहान. लोकसंख्या सुमारे चाळीस हजार. तिथे विमानतळ नाही. बहुतेक प्रवासी झ्युरिकला उतरतात, आगगाडीने सुमारे तासाभरात सार्गान्सला येतात आणि तिथून अकरा क्रमांकाच्या बसने ऱ्हाईन ओलांडून राजधानी फाडुट्सला पोहोचतात. या वाटेवर पासपोर्ट पाहणारे कोणी नसते. १९२३ च्या सीमाशुल्क करारापासून स्वित्झर्लंडच्या बाजूची हद्द मोकळी आहे. स्वित्झर्लंड २००८ च्या डिसेंबरमध्ये शेंगेन क्षेत्रात आले आणि लिश्टनस्टाइन १९ डिसेंबर २०११ रोजी आले. लिश्टनस्टाइन युरोपीय संघाचा सदस्य नाही, तरीही शेंगेनचा सदस्य आहे. ‘तो युरोपीय संघात नाही, म्हणून तिथे एटियास लागणार नाही’ हा तर्क मी अगदी शिकलेल्या लोकांकडूनही ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे.

म्हणजे व्यवहारात लिश्टनस्टाइनची सीमा झ्युरिकच्या विमानतळावर असते. त्या विमानतळावर सगळी तपासणी होते, ईईएसची नोंद होते, आणि पुढे एटियासही विमान कंपनी चढण्याआधीच, म्हणजे मुंबईच्या काउंटरवर तपासेल. अर्जात पहिल्या मुक्कामाचा देश विचारला जाईल, तेव्हा पहिली रात्र झ्युरिकमध्ये काढणाऱ्याने स्वित्झर्लंड लिहावे आणि थेट फाडुट्सला जाणाऱ्याने लिश्टनस्टाइन. पण यामुळे परवानगी त्या एका देशापुरती मर्यादित होत नाही, ती तिसांही देशांत चालते. परतताना ऑस्ट्रियातल्या फेल्डकिर्खमार्गे जाण्याचा बेत बदलला, तरी नव्याने काही करावे लागत नाही. अशा विमानतळ नसलेल्या देशांसाठी संकेतस्थळावर चार ओळींचे स्वतंत्र पान असते, तर किती बरे झाले असते. मोनॅको, सॅन मरिनो आणि अँडोरा यांच्याबाबत तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. हे तिन्ही देश शेंगेनचे सदस्य नाहीत, त्यामुळे यादीत त्यांचे नाव सापडत नाही आणि वाचणारा निर्धास्त होतो. पण फ्रान्स, इटली किंवा स्पेनमधून गेल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही, म्हणून परवानगी त्यांच्यासाठीही लागणारच.

फाडुट्सच्या पर्यटन कार्यालयात थोडे पैसे दिले की पासपोर्टवर देशाचा आठवणीचा शिक्का मारून मिळतो आणि जपानी पर्यटकांना त्याचे फार आकर्षण असते. पासपोर्ट हे सरकारी दस्तऐवज आहे, त्यावर अधिकृत नसलेला शिक्का घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. हौस असेल तर तो वहीत घ्यावा.

पुण्याच्या उद्योगजगतात आणखी एक प्रश्न वारंवार येतो आणि त्याचे उत्तर चुकले तर त्याचा त्रास मोठा होतो. लिश्टनस्टाइन दिसायला लहान असले तरी शान गावात हिल्टी या अवजारनिर्मिती कंपनीचे मुख्यालय आहे आणि देशाच्या अर्थव्यवस्थेत उद्योगाचा वाटा मोठा आहे, त्यामुळे तिथे कामासाठी जाणारे अभियंतेही असतात. व्हिसामुक्त भेटीत बैठक घेता येते, प्रदर्शन पाहता येते, कराराची बोलणी करता येतात. पण यंत्र बसवणे, चालू करून देणे, दुरुस्ती करणे ही कामे त्या देशाच्या कायद्यानुसार नोकरी किंवा सेवा ठरू शकतात आणि त्यासाठी स्थानिक परवाना लागू शकतो. एटियासमुळे तो मिळत नाही. ‘दोन दिवस बैठक, एक दिवस ट्रायल’ असा कार्यक्रम आखणाऱ्या कंपन्यांनी तो तिसरा दिवस ठरवण्याआधी लिश्टनस्टाइनच्या स्थलांतर आणि पासपोर्ट कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. संकेतस्थळ हा विषय ओझरता सोडून देते. मला तो विस्ताराने हवा होता.

मराठी सुनेच्या व्हिसाचे काम वेगळे आणि जास्त कष्टाचे होते. नवरा जपानी आहे म्हणून बायकोला सवलत मिळत नाही, तिचा पासपोर्ट भारतीय, म्हणून तिला शेंगेन व्हिसा. मुख्य मुक्काम लिश्टनस्टाइनमध्ये असला तरी त्याचा व्हिसा स्वित्झर्लंड देते. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. सुट्टीच्या हंगामात भेटीची वेळच मिळत नाही, म्हणून हे काम शेवटावर ठेवू नये. अशा ठिकाणी पुण्यातल्या चांगल्या प्रवास कार्यालयाचा खरा उपयोग होतो. बँकेची विवरणे, प्राप्तिकराचे विवरणपत्र, कंपनीचे रजेचे पत्र, दिवसवार कार्यक्रम अशी सगळी फाईल लावून देणारा माणूस भेटला, तर त्याला त्याचा मोबदला आनंदाने द्यावा. ते परिश्रम खरे असतात. या कुटुंबानेही सुनेच्या फाईलचे काम त्याच कार्यालयाला दिले आणि त्यांनी ते चोख केले.

परतीचा विचार युरोपचे संकेतस्थळ करणार नाही, ते त्याचे कामही नाही, पण पुण्यात राहणाऱ्या जपानी माणसाची सहल पुण्यात परत आल्यावरच पूर्ण होते. भारताचा नोकरीचा व्हिसा अनेकवार प्रवेशाचा आहे ना आणि त्याची मुदत परतीच्या तारखेपुढे जाते ना, हे निघण्याआधी पाहावे. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांना भारतात येण्याआधीच्या बहात्तर तासांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरता येते आणि त्याला शुल्क नाही. युरोपच्या बाजूने पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत दिलेला आणि शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. आणि ज्यांचा भारतीय व्हिसा जुन्या पासपोर्टवर आहे, त्यांनी नव्या पासपोर्टबरोबर तो जुनाही सोबत ठेवावा, सामानात टाकू नये, हातातल्या पिशवीत ठेवावा. मुंबईला उतरल्यावर तो लागतोच.